पेटीतील कपड्यांची मोजदाद

दसरा सरला की साखरखेर्ड्यातील घराघरांत आवराआवर सुरू होते. भिंतींना रंग दिला जातो, कोठ्या झाडल्या जातात आणि अखेरीस कपड्यांच्या पेटीची पाळी येते. पेटीतील कपडे दिवसभर उन्हात टाकले जातात आणि सायंकाळी घड्या घालून जसेच्या तसे परत ठेवले जातात. ते एकंदर किती होते, कोणाचे होते आणि त्यांपैकी किती वर्षभरात अंगावर आले, हे मात्र कोणी पाहत नाही. दुकानदार आपल्या मालाची मोजदाद करतो, शेतकरी पोती मोजतो. घरात तांब्ये किती आणि वाट्या किती, हे आईला न पाहता सांगता येते. कपड्यांचा हिशेब तेवढा कोणाजवळच नसतो. तो शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने व मुलीने वर्षातून एकदा स्वतः करावयास हवा.

कपड्यांची मोजदाद हे श्रीमंतांचे काम, असे पुष्कळांस वाटते. शिवकालातील अठरा कारखान्यांत ‘जामदारखाना’ या नावाचा एक कारखाना होता. वस्त्रे व मौल्यवान वस्तू त्यात जपून ठेवीत. राज्याच्या वस्त्रांचा हिशेब राहावा हे योग्यच. पण एका लोखंडी पेटीत मावणाऱ्या कपड्यांची कसली यादी? वस्तुतः ज्याच्याजवळ चारच सदरे आहेत त्यालाच मोजदादीचा अधिक उपयोग असतो. एका सदऱ्याचे बटण तुटले आहे, दुसऱ्याची शिवण काखेत उसवली आहे, हे त्याला सुटी संपण्यापूर्वी कळते. ज्याच्याजवळ चाळीस आहेत त्याचे एक बटण तुटले तरी काही अडत नाही. म्हणून त्याला ते कळतही नाही, आणि त्याच्या हातून सदरा वाया जातो.

कपडा वाया गेला म्हणजे नेमके काय गेले, हे साखरखेर्ड्याच्या परिसरातील मुलांना इतरांपेक्षा लवकर समजावे. इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव 11 ऑक्टोबर 1724 रोजी झालेल्या लढाईमुळे येते; त्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. परंतु गावाभोवतालची काळी जमीन कापसाची म्हणून ओळखली गेली. अलीकडे सोयाबीननेही मोठी जागा घेतली आहे, तरी कापूस गेलेला नाही. याच बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या बाजारपेठेसाठी 1870 साली जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकण्यात आला, तो मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. बारा वर्षांच्या मुलाच्या सुती सदऱ्याचे वजन सुमारे दोनशे ग्रॅम धरले, तर त्यास किती कापूस लागेल? शेतातून आलेल्या कापसात रुई एक तृतीयांशाच्या आसपास असते. उरलेले वजन सरकीचे. म्हणजे दोनशे ग्रॅम रुईसाठीच सहाशे ग्रॅम कापूस हवा. सूत काढताना काही रुई गळते, शिंपी कापड बेततो तेव्हा कात्रणे उरतात. हे सर्व जमेस धरता निदान पाऊण किलो कापूस लागतो. एका बोंडातून साधारणपणे चार-पाच ग्रॅम कापूस मिळतो. तेव्हा एका सदऱ्यामागे दीडशेहून अधिक बोंडे होतात. यंत्राने वेचणी होत नाही तेथे हे प्रत्येक बोंड कोणीतरी हाताने वेचलेले असते. वेचणाऱ्या बाया दव सुकल्यावर कामास लागतात, कारण ओला कापूस पिवळा पडतो. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी त्यांच्या बोटांना ओरखडे पडतात. जून महिन्यात पेरलेले बी दिवाळीच्या सुमारास फुटू लागते आणि पुढे दोन-तीन वेचण्या होतात. पेटीच्या तळाशी दोन वर्षे न उलगडता पडलेल्या सदऱ्यात हे सारे घडी करून ठेवलेले असते. सदरा विकत घेतला, पैसे दिले, मग तो घालू अथवा न घालू, असे म्हणणाऱ्याने ही बोंडे एकदा मोजावीत. पैशांनी सदऱ्याची किंमत चुकती होते. त्यामागच्या श्रमांचे चीज मात्र तो वापरल्यानेच होते.

महात्मा गांधींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराई येथे पूर्ण पोशाखाचा त्याग केला व केवळ पंचा नेसण्याचे ठरविले. दहा वर्षांनी, 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी जाताना ते फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले. तेथील जकात अधिकाऱ्याने सामानाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी सहा चरखे, तुरुंगातील भांडी, बकरीच्या दुधाचे पात्र, हातविणीचे सहा पंचे व अंग पुसण्याची वस्त्रे एवढी यादी सांगितली. आणि आपली कीर्तीही त्यातच जोडून तिची किंमत फारशी नसावी, असे विनोदाने म्हटले. प्रत्येकाने पंच्यावर राहावे असा याचा अर्थ नव्हे. गांधीजींनी ते पुरुषांच्या एका मोठ्या वर्गाची गरिबी पाहून केले होते. शाळकरी मुलांना थंडीत उबदार कपडा हवाच. परंतु आपल्याजवळ काय आहे, असे कोणी विचारताच ज्याला न अडखळता सांगता येते, त्या माणसाच्या मनात एक प्रकारचा निर्धास्तपणा असतो.

येथे एक गोष्ट शिक्षकांनीही ध्यानात घ्यावी. ही यादी वर्गात वाचून दाखविण्यासाठी नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाची यादी दोन पाने भरते व दुसऱ्याची पाच ओळींत संपते. पाच ओळींच्या मुलाला ती मोठ्याने वाचावयास लावणे म्हणजे निष्ठुरपणा होय. भाजीपाल्याचा हिशेब वर्गात करावा, कपड्यांचा घरी.

यादी करताना चार गोष्टी लिहिल्या म्हणजे पुरे: कपडा कोणता, कोणत्या वर्षी आला, शेवटचा केव्हा घातला आणि त्यात काय दुरुस्त करावयाचे आहे. तिसरा रकाना बहुतेकांस अवघड जातो. तो रिकामा राहिला की समजावे, हा कपडा दुसऱ्या कोणाच्या अंगावर असावयास हवा होता. धाकट्या भावंडास तो होईल काय, ते आधी पाहावे. न झाल्यास तो धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून द्यावा. फाटका व मळका कपडा दुसऱ्याच्या हाती ठेवून त्यास दान म्हणणे शोभत नाही. तो आपला केर दुसऱ्याच्या दारी टाकण्याचाच प्रकार आहे.

अगदी विरलेल्या कपड्यांची सोय जुन्या पिढीने केव्हाच लावून ठेवली आहे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देत असे. उरलेल्या लुगड्या-धोतरांची घरोघरी गोधडी शिवली जाई. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा तर चिंध्यांचेच वस्त्र पांघरीत, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

यादीतील एका कपड्याला मात्र तिसऱ्या रकान्याचा नियम लावू नये. पुष्कळ घरांतील पेटीत, सर्वांत खाली, जुन्या धोतराच्या बासनात बांधलेले आजीचे लग्नातील लुगडे असते. ते तिने पन्नास वर्षांत नेसलेले नसते आणि पुढेही नेसणार नसते. त्याच्यापुढे वर्ष लिहावे, रंग लिहावा, ते कोठून आणले होते ते आजीला विचारून लिहावे, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला बदलून ते पुन्हा जागच्या जागी ठेवावे.