डाग कुणाच्या कमरेवर, ब्रँड कुणाच्या गाडीवर?



मागे एका ओळखीच्या गृहस्थांनी मला अगदी आपुलकीने सल्ला दिला. "अरे, गाडी छान घेतलीस. पण मागच्या काचेवरचं ते 'जय भीम' काढून टाक बघ. उगीच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं? जातपात गाडीवर कशाला हवी?" गृहस्थ स्वभावाने वाईट नाहीत. पण त्यांच्या स्वतःच्या गाडीवर मागे मोठ्या अक्षरात त्यांच्या कुळाचे नाव आहे आणि त्याखाली दोन तलवारी आहेत. ती त्यांना जात वाटत नाही. तो त्यांचा 'अभिमान' आहे. माझ्या काचेवरचे दोन शब्द मात्र 'जातीयवाद'!

त्यानंतर चारच दिवसांनी पार्किंगमध्ये त्या दोन शब्दांवर कुणीतरी अणकुचीदार वस्तूने ओरखडे ओढलेले दिसले. बाकी गाडीला कुठेही धक्का लागलेला नव्हता. ओरखडे ओढणाऱ्याचे कंपनीशी, मॉडेलशी किंवा रंगाशी भांडण नव्हते. या गाडीत 'हा' बसतो, एवढीच त्याची तक्रार होती.

ही तक्रार आजची नाही. ती फार जुनी आहे आणि तिच्यासाठी शिक्षाही लिहून ठेवलेली आहे.

'ब्रँड' हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे. कपड्यांचा ब्रँड, मोबाइलचा ब्रँड, गाडीचा ब्रँड. इंग्रजीतला हा शब्द मुळात जळण्या-जाळण्याशी जोडलेला आहे. तापलेल्या लोखंडाने दिलेला डाग म्हणजे ब्रँड. जनावरावर दिला तर मालकी कळावी म्हणून आणि माणसावर दिला तर शिक्षा म्हणून. दुकानातल्या मालावरची खूण ही त्याची नंतरची बढती आहे.

आता मनुस्मृती उघडा. आठवा अध्याय, श्लोक २८१. खालच्या जातीत जन्मलेला माणूस वरच्याच्या बरोबरीने एका आसनावर बसू पाहील, तर राजाने त्याच्या कमरेवर डाग देऊन त्याला हाकलून द्यावे, नाहीतर त्याचा कुल्ला कापावा. नुसते बसण्याबद्दल ही शिक्षा आहे. त्याने कुणाला मारलेले नाही, कुणाचे लुटलेले नाही. तो फक्त बसू पाहतो आहे.

मनूचे वकील लगेच सांगतील की डागाची शिक्षा सगळ्यांनाच होती, नवव्या अध्यायात महापातक्यांच्या कपाळावर डाग देण्याचे सांगितले आहे. बरोबर आहे, सांगितले आहे. पण कशासाठी? ब्रह्महत्येसाठी, चोरीसाठी, मद्यपानासाठी, गुरुपत्नीशी संबंधासाठी. म्हणजे तिथे माणसाने काहीतरी केलेले असावे लागते. इथे डाग पडायला बरोबरीने बसण्याची इच्छा पुरते. आणि त्याच आठव्या अध्यायात देहान्ताच्या जागी ब्राह्मणाचे फक्त मुंडण करावे, असेही लिहिलेले आहे. एकाचे केस जातात, जे महिन्याभरात पुन्हा उगवतात. दुसऱ्याचे मांस जाते. याला न्याय म्हणायचे असेल तर अन्याय कशाला म्हणायचे, ते तरी सांगा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हे पुस्तक जाळले ते उगीच नव्हे. आणि ते जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही लक्षात ठेवा. भांडण माणसाशी नव्हते, त्या डागाशी होते.

हा डाग पुढे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. पेशवाईत अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, पुण्यात गळ्यात मडके आणि कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवले आहे. दोरा, मडके, झाडू या लांबून ओळखू येणाऱ्या खुणाच होत्या. इंग्रज आला, त्याने १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला आणि अख्ख्या जमातीच्या जमातींवर 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का मारला. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार! सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये कित्येक पिढ्या हजेरी देत राहिल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शिक्का गेला का? एखाद्या गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते, ते पारधी वस्तीवर जाऊन विचारा.

आणि तुरुंग? आपल्या देशातल्या कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये, कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणत्या जातीच्या कैद्याने संडास साफ करायचा, हे परवा-परवापर्यंत ठरलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले तेही त्याच दिवशी. घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती!

आता गाडीकडे येऊ. 'गाडीत काय ठेवलंय?' असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य वाचावे. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. पोरे महारांची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट द्यायचे, गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाला बरोबर पायी चालणार. म्हणजे पैसे आमचे चालतात, आमच्या शेजारचे आसन चालत नाही.

अठ्ठावीस वर्षे गेली. तोच भीमराव आता बॅरिस्टर होता, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचा सदस्य होता. १९२९ साली चाळीसगावला उतरले तर टांगेवाल्यांनी नकार दिला, कारण महाराला टांग्यात बसवून आपण हाकायचे हे त्यांच्या इज्जतीला शोभणारे नव्हते. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती. पुलाच्या मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. परदेशातल्या पदव्या होत्या, पण चाळीसगावच्या टांगेवाल्याला त्या दिसल्या नाहीत. त्याला कमरेवरचा डाग दिसला.

तुम्ही म्हणाल, हा इतिहास झाला. मग अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेली दुरुस्ती वाचा. २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, चप्पल-बूट किंवा नवे कपडे घालण्यापासून, वरातीत घोड्यावर किंवा वाहनावर बसण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे, असे संसदेला शब्दांत लिहावे लागले. एकविसाव्या शतकात, मंगळावर यान पोचल्यानंतर, या देशाला कायद्यात 'सायकल' लिहावी लागली! घडत नसते तर लिहिले असते का? आणि लिहूनही २०१८ साली गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात २१ वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला होता आणि तो त्यावर बसत होता, हे काहींना सहन होत नव्हते असे घरच्यांनी सांगितले.

आणि ज्याला वाटते की हे खेड्यातले, अडाण्यांचे काम आहे, त्याने ६ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आठवावा. स्थळ सर्वोच्च न्यायालय. खुर्चीवर आपल्या अमरावतीचे, बौद्ध समाजातून आलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई. आणि बूट फेकायचा प्रयत्न करणारा सत्तरी ओलांडलेला वकील, म्हणजे कायदा शिकलेला माणूस. तो म्हणाला सनातनचा अपमान सहन करणार नाही. मी म्हणतो, आठवा अध्याय काढा आणि तो २८१ वा श्लोक पुन्हा वाचा. देशातल्या सर्वोच्च आसनावर 'हा' बसला, दुखणे तिथे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सरन्यायाधीश म्हणून ते पहिल्यांदा मुंबईला आले, तेव्हा राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त हजर नव्हते. त्यांना ते जाहीरपणे बोलून दाखवावे लागले. कुठे बूट, कुठे रिकामी खुर्ची, कुठे काचेवरचा ओरखडा. हत्यार ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे.

आता सरकारी उपाय पाहा. २१ सप्टेंबर २०२५ रोजी उत्तर प्रदेश सरकारने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन आदेश काढला. वाहनांवर जातीची नावे, जातीचा गौरव करणाऱ्या घोषणा नकोत, पोलिसांच्या कागदपत्रांत जात नको (अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे सोडून), जातीचे मेळावेही नकोत. गाडीवरचे जातीचे नाव काढायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बंपरवरची जात ही धमकी असते. 'ओळख, मी कोण आहे, आणि बाजूला हो' हे ती सांगते. पण स्टिकर खरवडला म्हणजे जात खरवडली, हा समज भाबडा नाही, लबाड आहे. जमीन कुणाच्या नावावर, मंदिर कुणाच्या ताब्यात, गटारात कोण उतरतो, हे स्टिकरवर लिहिलेले नसते. शिवाय मेळावाबंदीचा फटका कुणाला? ज्याचे वाडे, कारखाने, बँका आहेत त्याला मेळाव्याची गरज नाही. ज्याच्याकडे फक्त डोकी आहेत, त्याने एकत्र यायचेच नाही? एकीकडे एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकार म्हणते, जनगणनेत जात मोजू. दुसरीकडे म्हणायचे, जातीचे नाव काढू नका. मोजणार आहात, तर मोजलेल्यांना बोलूही द्या.

पुढचा आक्षेप मला माहीत आहे. "मग तुमचे 'जय भीम'ही काढा." नाही काढणार. का, ते नीट सांगतो.

खूण कुणी दिली, हा खरा प्रश्न आहे. मडके आम्ही मागितले नव्हते. 'गुन्हेगार' हा शिक्का पारध्याने स्वतःवर मारून घेतला नव्हता. जगात हे सगळीकडे घडले आहे. अमेरिकेत १८३८ साली चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून बंदुकीच्या धाकाने हुसकावून पश्चिमेकडे पायी हाकलले गेले, वाटेत हजारो मेले. तिथल्याच कंपनीने १९७४ पासून एका जीपला नाव दिले 'चेरोकी'. माणसे चालवत नेली आणि नाव गाडीला लावले! २०२१ साली चेरोकी नेशनच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितले की आमचे नाव गाडीवरून काढा. त्यांना स्वतःच्या नावाची लाज नव्हती. ते नाव न विचारता लावले होते, म्हणून ते काढा म्हणाले. दुसऱ्याने लावलेली खूण हा डाग असतो.

'जय भीम' आम्ही स्वतः निवडले. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी हे अभिवादन चळवळीत रुजवले आणि लोकांनी उचलले. ते जातीचे नाव नाही. तुम्ही हजार वेळा घोकलेत तरी बंपरवरच्या त्या कुळात तुम्हाला कुणी घेणार नाही, तिथे जन्मच लागतो. 'जय भीम' म्हणायला जातीचा दाखला लागत नाही. ज्याला समता हवी तो कुणीही म्हणू शकतो. दोन्ही स्टिकर एकाच तराजूत टाकणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा फार हुशार आहे.

पण मित्रांनो, आता थोडे घरातले बोलतो. राग आला तरी चालेल.

आपल्यातलीही काही पोरे आता काचेवर जातीचे नाव लिहायला लागली आहेत. 'त्यांचा अभिमान तर आमचाही अभिमान' म्हणतात. अरे, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोक उभे राहिले ते कशासाठी? जात सोडायला. आणि आपण ती रेडियममध्ये कापून पुन्हा चिकटवतो? मनूने दिलेला डाग सोन्याच्या रंगात रंगवला म्हणून दागिना होत नाही.

दुसरे म्हणजे गाडीलाच मुक्ती समजणे. गाडी घ्या, जरूर घ्या, चांगली घ्या. ज्या समाजाला बैलगाडीत बसू दिले नाही त्याने ऐटीत गाडी चालवलीच पाहिजे. पण नेता मोजायचा तो ताफ्यात किती पांढऱ्या गाड्या आहेत त्यावरून? एका पक्षाच्या चिरफळ्या होऊन प्रत्येक चिरफळीच्या अध्यक्षाकडे एक एसयूव्ही, आणि वस्तीतल्या वाचनालयाला कुलूप! जयंतीला बोनेटवर उभे राहून सेल्फी, आणि दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्ती अडकलेल्या पोराबरोबर समाजकल्याणच्या कार्यालयात जायला कुणी नाही. कंपनीने आपल्याला रुबाब विकला, आपण हप्त्यावर घेतला. हप्ता फिटला की रुबाब जुना होतो.

म्हणून सांगणे एवढेच. नंबर प्लेटवर नंबरच ठेवा, त्यावर 'दादा' नको आणि 'भीम'ही नको, तिथे कायदा स्पष्ट आहे आणि कायदा मोडायची सवय आपल्याला परवडणारी नाही. गाडीवर जात लिहू नका, कुठलीच. 'जय भीम' लिहिणार असाल तर त्या गाडीत बसलेला माणूसही तसाच हवा. रात्री-अपरात्री वस्तीतल्या बाईला दवाखान्यात न्यायला ती गाडी निघाली पाहिजे. आणि वरातीत, रस्त्यात कुणी बसण्यावरून अडवले तर गप्प घरी येऊ नका. कलम वाचा, तक्रार लिहून द्या, पोच घ्या.

मी काच बदललेली नाही. ओरखड्याखालून अक्षरे नीट वाचता येतात. त्या गृहस्थांनाही सांगितले, "काका, तलवारी काढा, मग माझ्या काचेबद्दल बोलू." ते हसले. तलवारी अजून तिथेच आहेत.

जय भीम! जय संविधान!