अंगठा दिलात, पावतीही घ्या
रेशनकार्डावर नाव आहे म्हणजे धान्य मिळणारच, असं धरून चालू नका. घरातल्यांचं ई-केवायसी झालंय का, नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर लावलंय का, हे आधी पाहा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. २०२३ पासून तेही मोफत. पॉस मशीनवर अंगठा दिलात की पावती मागून घ्या आणि तिच्यावरचे किलो काट्यावर ताडून पाहा. कामासाठी गाव सोडलंत, तरी मुक्कामी असाल तिथल्या रेशन दुकानात धान्य उचलता येतं. दुकानदाराने अडवलं, तर १९६७ वर तक्रार करा. धान्य हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागताना संकोच कसला?