साखर कुणाची, मधुमेह कुणाचा?

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर, हा साखरेचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, त्याचे गोडवे आजही गायिले जातात. त्याच्याही आधीपासून हरेगावात बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता. त्याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी वतनदार महारांच्या परिषदेत सरकारने लादलेल्या जुडीविरुद्ध आवाज उठवला. साखरसम्राटांच्या राजकारणावर आपण भरपूर लिहितो, बोलतो. पण ही साखर आपल्याच घरात काय करते आहे, याकडे चळवळीचे लक्ष नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, रोजच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक मुक्त साखरेतून यावेत. पाच टक्क्यांच्या आत ठेवता आले तर अधिक चांगले. चमच्यांत मोजायचे तर मोठ्या माणसाला बारा चमच्यांच्या आत, शक्यतो सहा. मुक्त साखर म्हणजे वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रससुद्धा. अख्खे फळ किंवा दुधातली साखर त्यात येत नाही. 'गूळ चालतो' ही समजूत म्हणूनच फसवी आहे. दोन-दोन चमचे घातलेला चहा दिवसातून पाच वेळा घेतला की दहा चमचे तिथेच झाले. बाटलीतल्या थंड पेयात शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. पोराच्या हातातली लहान बाटली म्हणजे पाच चमचे! दात किडतात, वजन वाढते, आणि वाढलेल्या वजनामागून मधुमेह येतो. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. हा श्रीमंतांचा आजार, असे म्हणायचे दिवस गेले.

आता पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराला आम्ही साखर कमी करा म्हणून उपदेश करायचा काय? पहाटे कोपीतून कोयता घेऊन निघालेली बाई कोरा गोड चहा पिते तो चैन म्हणून नव्हे. भाकरी थापायला वेळ नसतो म्हणून. उचल फेडायची असते, मोळ्या बांधायच्या असतात. चहाने भूक मरते, अंगाला मात्र काही लागत नाही. तिथे प्रश्न साखरेचा नाही, डाळीचा आणि अंड्याचा आहे, आणि तो कारखान्याला विचारला पाहिजे. ज्याच्या गाळपासाठी माणसे सहा-सहा महिने घर सोडतात, त्याने तळावर पिण्याचे स्वच्छ पाणी, धान्य आणि रक्ततपासणी का देऊ नये? तीस वर्षांवरील माणसांची मधुमेह तपासणी ही सरकारचीच योजना आहे. ती गावात होते तेव्हा आमची माणसे फडात असतात.

वस्तीत मात्र दोष आपल्याकडेही आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चौकाचौकांत सरबताची पिंपे आणि थंड पेयांचे खोके मांडले जातात. भर उन्हात तहानलेल्याला पाणी द्यावेच. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना साध्या पाण्याची लाज का वाटावी? पाणी द्या, मीठ घातलेले ताक द्या. वाचलेल्या वर्गणीतून बुद्धविहारात रक्तातील साखर तपासण्याचे शिबिर घ्या, आणि ते दिवाळीआधी घ्या, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी.