जपानीची वाट मराठीतून

इंग्रजी येत नसल्यामुळे इतर परकीय भाषाही शिकता येणार नाहीत, असा न्यूनगंड अनेक प्रौढ विद्यार्थ्यांच्या मनात असतो. जपानीच्या बाबतीत तरी तो निराधार आहे. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी पाणी पितो’. मराठीप्रमाणेच येथे आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते. ‘वा’ वाक्याचा विषय दाखवतो, ‘ओ’ कर्म दाखवतो. आणि मराठीतील विभक्तिप्रत्ययांप्रमाणे हे दोन्ही शब्दानंतरच येतात. प्रश्न विचारताना वाक्याच्या अखेरीस ‘का’ जोडतात : ‘गाकुसेइ देसु का?’ म्हणजे ‘विद्यार्थी आहात का?’ शिवाय ‘पितो’ आणि ‘पिते’ या दोहोंसाठी क्रियापद एकच.

अभिवादनात मात्र अवधान हवे. मराठी ‘नमस्कार’ कोणत्याही वेळी चालतो. जपानीत सकाळी ‘ओहायो गोझाइमासु’, दुपारी ‘कोन्निचिवा’ व संध्याकाळनंतर ‘कोंबान्वा’ म्हणतात. हिरागाना व काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आणि चिनी लिपीतून आलेली कांजी चिन्हे यांना तर बराच वेळ द्यावा लागतो. हे कष्ट कोणालाच चुकत नाहीत. परंतु वाक्यरचना इंग्रजीच्या साच्यातून शिकणे म्हणजे सरळ रस्ता सोडून वळसा घेणे होय. मातृभाषा हे मराठी विद्यार्थ्याचे भांडवल आहे; ते त्याने आत्मविश्वासाने वापरावे.