वाघ्याचा चौथरा आणि कुत्र्याची कातडी

मराठी वाङ्मयात कुत्रा पुष्कळ आहे. पण तो बहुधा कुत्रा म्हणून नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेले चार श्वान चार वेदांची प्रतीके मानली जातात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव आपल्याला भूतमात्रांतला ईश्वर दाखवतात. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. म्हणींमध्ये त्याचे शेपूट तेवढे उरते आणि शिव्यांमध्ये नाव. या सर्व कुत्र्यांना अर्थ आहे, कातडी मात्र नाही. पावसात भिजल्यावर तिला वास येतो, कानामागे गोचीड बसतो, नख वाढून पंजा वाकडा पडतो, याची दखल आपल्या लेखनात क्वचितच आढळते. म्हणूनच कुत्र्याच्या व्यावसायिक निगराणीसारखा विषय वाङ्मयचर्चेच्या पानावर आणला, तर काहींच्या भुवया उंचावतील. आम्हाला मात्र तो क्षुल्लक वाटत नाही. आणि महाड-पोलादपूरच्या परिसरातून पाहताना तर मुळीच नाही.

याच महाड तालुक्यात, रायगडावर, महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला कुत्रा उंच चौथऱ्यावर बसलेला आहे. शिवाजी महाराजांच्या समाधीजवळचा वाघ्याचा हा पुतळा १९३६ साली उभारला गेला. त्याआधी राम गणेश गडकऱ्यांनी आपल्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाच्या अर्पणपत्रिकेत त्याला स्थान दिले होते. वाघ्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, हा आक्षेप जुना आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा ‘राजसंन्यास’च्याच रागातून नदीत टाकला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये वाघ्याला हटवण्याची मागणी पुन्हा पुढे आली. या वादात इतिहासाचा प्रश्न खरा आहे आणि तो पुराव्यानेच सुटला पाहिजे. आम्हाला येथे वेगळेच काही नोंदवायचे आहे. दगडी कुत्र्याबद्दल बोलायला आपल्यापाशी मुबलक शब्द आहेत. जिवंत कुत्र्याच्या अंगाला हात लावून जे काम करायचे असते, त्याच्यासाठी मात्र एकही नाही.

घोड्यासाठी आहे. ‘खरारा करणे’ हा शब्द मराठीत पक्का मुरलेला आहे आणि तो करणाऱ्या माणसाला ‘मोतद्दार’ हे नावही आहे. पोळ्याला, बेंदराला बैल घासून धुतात, त्याचे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. घोडा आणि बैल कामाचे, म्हणून त्यांचे अंग सांभाळणे हेही काम. कुत्रा दारात राखण करी, पण त्याचे अंग त्याचे त्याने चाटून साफ करावे अशीच रीत होती. आता घरात सोफ्यावर बसणारा कुत्रा आला आणि त्याच्याबरोबर ‘ग्रूमिंग’ हा शब्द आला. गंमत अशी की इंग्रजीतही ‘ग्रूम’ म्हणजे तबेल्यातला नोकर, आपला मोतद्दारच. आपल्याकडे मात्र त्या शब्दाला ब्यूटी पार्लरचा वास चिकटला. शब्द असा चुकीच्या खोलीत शिरला की समजूतही त्याच्यामागून जाते. पूडल जातीच्या कुत्र्याची गोंडेदार कापणी आपण नखऱ्याचा नमुना समजतो. पण तो मूळचा पाण्यातून शिकार आणणारा कुत्रा. पोहताना अंग हलके राहावे म्हणून केस कापत आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेथले ठेवत. नखऱ्याच्या मुळाशी काम होते.

हे ध्यानात घेतले, तर मालकाने काय जाणून असावे हे आपोआप स्पष्ट होते. पहिली गोष्ट केसांची जात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ केस, खाली मऊ लोकर. उन्हाळा आला की ‘त्याला गरम होत असेल’ म्हणून अशा कुत्र्याचे अंग यंत्राने भादरण्याचा आग्रह मालक धरतात. यात दया आहे, ज्ञान नाही. वरचा थर उन्हापासून कातडी राखतो. तो काढल्यावर ती भाजू शकते आणि केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही. या कुत्र्यांना हवी असते ती झडणारी लोकर विंचरून काढणारी फणी. शित्झू वा पूडल यांचे केस उलट वाढतच राहतात. त्यांना महिना-दीड महिन्याने कात्री लागतेच. दारातल्या आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला यातले फारसे काही लागत नाही. कोरडा ब्रश, नखांवर नजर आणि गोचिडांचा बंदोबस्त एवढे त्याला पुरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. महाड-पोलादपुरात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे कुत्रा धुणे अवघड नाही, तो वाळवणे अवघड आहे. दाट केसांखाली ओल राहिली की बुरशी आणि जंतू वाढतात. लोंबत्या कानांच्या कुत्र्याचा कान आतून सडू लागतो. गुंता आधी सोडवावा आणि मग आंघोळ घालावी, कारण पाण्याने गुंता आणखी आवळतो. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानाने उदासीनतेकडे झुकणारी. म्हणून आपला साबण त्याला चालत नाही. वाळवण्यासाठी पिंजऱ्यात कोंडून गरम हवा सोडण्याची पद्धत धोक्याची आहे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्माघात होऊन तो त्यात दगावू शकतो.

तिसरी गोष्ट विश्वासाची. पशुवैद्याला १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी लागते. कुत्र्यांच्या प्रजनन-विक्रीसाठी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. कुत्र्यावर कात्री चालवणाऱ्याला मात्र पशुवैद्यासारखी पदवीची वा नोंदणीची अट नाही. म्हणून प्रश्न मालकानेच विचारायचे आहेत. काम चालू असताना पाहता येते का? एका कुत्र्यानंतर दुसऱ्याला तीच फणी लावण्यापूर्वी ती धुतली जाते का? टेबलावर गळ्यात फास अडकवून कुत्र्याला एकटे सोडतात का? शांत राहावा म्हणून औषध देतात का? शेवटच्या प्रश्नाला पशुवैद्याशिवाय कोणी ‘हो’ म्हणाले, तर तेथून निघावे. उलट, रेबीजच्या लसीचा दाखला मागणाऱ्यावर रागावू नये. तोच माणूस जबाबदार. केसांची पार जट झाली असेल, तर ती ओढून विंचरण्यापेक्षा कापून टाकणे दयाळूपणाचे आहे. त्यासाठी कारागिराशी भांडणाऱ्याने ती जट कोणाच्या आळसाने झाली हे आधी आठवावे.

येथवर सारे कुत्र्याच्या बाजूने झाले. पण महाडमध्ये बसून जनावर आणि पाणी यांविषयी बोलायचे, तर एवढ्यावर थांबता येत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरवले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाण्याचा हक्क बजावावा लागला. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करून घेणारेही निघाले आणि न्यायालयीन निकालाला १९३७ साल उजाडले. त्या तळ्यावर जनावराला पाणी पिता येई, अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला नाही. तेव्हा प्राण्याविषयीची माया आणि माणसाविषयीची न्यायबुद्धी या दोन गोष्टी एकत्रच नांदतात असे मानण्याचे कारण नाही. निदान या गावाने तरी ते मानू नये.

हा इतिहास येथे ओढूनताणून आणलेला नाही. केस कापणे, कातडे कमावणे, मेलेले जनावर ओढणे ही कामे आपण ठरावीक जातींवर लादली आणि ती करणाऱ्या हातांना हीन ठरवले. कुत्र्याचा कान साफ करणे, मागच्या ग्रंथी पिळून काढणे, पिसवांनी भरलेली लोकर कापणे हे काम त्याच कुळातले आहे. इंग्रजी नावाने त्याला प्रतिष्ठा मिळत असेल तर उत्तमच. परंतु ती पाटीवर न थांबता हातापर्यंत पोचली पाहिजे. या हातांना चावा, ओरखडा, ओल हे रोजचे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले. अशा पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते आणि कुत्र्याच्या मूत्रातूनही तो पसरतो. जखम असलेल्या ओल्या हाताने काम करणाऱ्याला हातमोजे, रेबीजची प्रतिबंधक लस आणि चावा झाल्यास तत्काळ १५ मिनिटे साबणपाण्याने जखम धुण्याची सोय हवी. तिचा खर्च मालकाच्या बिलात यावा आणि त्याने तो कुरकुर न करता द्यावा. परदेशी जातीच्या पिल्लावर हजारो रुपये घालवणारा गृहस्थ त्याला धुणाऱ्या मुलाशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा त्याच्या प्राणिप्रेमाचा हिशेब आम्हाला जुळत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यात काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की शब्द ही त्यांची जबाबदारी आहे. ‘ग्रूमिंग’ चालू द्या, हट्टाने संस्कृत प्रतिशब्द घडवण्याची गरज नाही; पण ‘खरारा’ हाताशी असताना तो कुत्र्यासाठी वापरून पाहायला काय हरकत आहे? त्या शब्दात सजावट नाही, काम आहे. आणि काम करणारा माणूसही आहे. प्रतीकांची समीक्षा आपण पुष्कळ केली, पुढेही करू. तिच्या शेजारी कातडी, लोकर, नख, गोचीड यांचे अचूक आणि साधे गद्यही मराठीत असावे, अशी आमची मागणी आहे. ते लिहिणारा बहुधा वर्गातून येणार नाही, कात्री धरणाऱ्यांमधून येईल. त्याला लिहिते करणे हे मात्र वर्गाचे काम आहे.