आधी चाचणी, मग परिपत्रक

शासकीय कार्यालयात नवी संगणक-प्रणाली येते ती बहुधा परिपत्रकाच्या पावलांनी. अमुक तारखेपासून सर्व संगणकांवर अमुक ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी, जुनी काढून टाकावी व अनुपालन अहवाल सादर करावा, असा त्याचा ठरलेला मायना. अहवाल वेळेवर जातो. काम मात्र अडते, आणि त्याची झळ परिपत्रकावर सही करणाऱ्याला नव्हे, तर दाखल्यासाठी खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला लागते. म्हणून माझे स्पष्ट म्हणणे आहे: जी ऑपरेटिंग सिस्टिम कार्यालयातील लिपिकांनी स्वतः व्हर्च्युअल मशीनमध्ये किमान महिनाभर चालवून पाहिलेली नाही, ती कोणत्याही शासकीय कार्यालयात बसवली जाऊ नये.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. मूळ यंत्राची थोडी मेमरी आणि थोडी डिस्क त्याला तोडून दिलेली असते. तो स्वतःला स्वतंत्र यंत्र समजतो. प्रत्यक्षात तो आपल्या हार्ड डिस्कवरच्या काही फायलींपलीकडे काही नसतो. त्यात नवी प्रणाली बसवावी, हवे ते करून पाहावे, बिघडले तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत यावे. रोजच्या कामाच्या प्रणालीला धक्का लागत नाही. शेतकरी भाताचे रोप आधी वाफ्यात तयार करतो, मगच शेतात लावणी करतो. आपण मात्र बियाणे न पाहता संपूर्ण शिवारात पेरतो आणि उगवले नाही म्हणून बियाण्याला दोष देतो.

हे तंत्र नवे आहे, ही सबबही टिकणारी नाही. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी ते १९७२ साली बाजारात आणले. टेबलावरच्या संगणकावर व्हीएमवेअरने ते १९९९ साली आणले. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम २००७ पासून आहे, व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मोफत मिळतो, आणि विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत हायपर-व्ही अंगभूतच आहे. विंडोज ११ ची एंटरप्राइज आवृत्ती चाचणीसाठी ९० दिवस विनामूल्य वापरण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न इच्छेचा आहे.

आजच हे का लिहावे? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतले प्रोसेसर लागतात. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका दिवसात अपात्र ठरली. आता कार्यालयांपुढे तीन वाटा आहेत. नवी यंत्रे घ्यावीत. किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे, दरवर्षी दुप्पट होणारा दर मोजून जुन्या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती विकत घ्यावी. किंवा लिनक्सकडे वळावे. तिन्ही वाटांवर जनतेचा पैसा किंवा जनतेचा वेळ खर्च होणार आहे. मग हा निर्णय विक्रेत्याच्या तासाभराच्या सादरीकरणावर घ्यायचा काय? त्या सादरीकरणात यंत्र त्याचे, फायली त्याच्या आणि प्रश्नही त्याच्याच सोयीचे असतात.

याचा अर्थ जुनेच कवटाळून बसावे असा नव्हे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी ती पुढे कित्येक ठिकाणी चालूच राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर यंत्रे बंद पाडली, तेव्हा आधारातील विंडोज आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झालेली होती. ती बसवली का गेली नाही? पुष्कळदा उत्तर एकच असते: "काही बिघडले तर?" ही भीती खरी आहे, पण ती न तपासलेली भीती आहे. व्हर्च्युअल मशीन या भीतीचे रूपांतर यादीत करते. काय चालते, काय चालत नाही, हे कागदावर येते. आणि यादीवर उपाय करता येतो, भीतीवर येत नाही.

यादीत काय असावे? पहिले, मराठी. नव्या प्रणालीत इनस्क्रिप्ट कळफलक लावून 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द टंकित करून पाहावेत. एक गुरूला उद्देशून आहे, दुसरा स्वयंपाक्याला. दोन्ही पडद्यावर व कागदावर वेगळे उमटले, तरच पुढे जावे. परप्रांतात वा परदेशात राहून घरच्यांशी मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या वाचकांना या परीक्षेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दुसरे, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या फायली. त्या उघडतात की चिन्हांचा चिवडा दिसतो? तिसरे, डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन. चौथे, रोज लागणारी शासकीय संकेतस्थळे. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. केवळ त्याच्यावरच चालतील अशी पाने ज्यांनी वर्षानुवर्षे बांधली, त्यांनी चाचणीचे मोल आधीच ओळखायला हवे होते. पाचवे, ज्या नमुन्यात दाखला निघतो तो नमुना, ओळी न सरकता.

आक्षेप येतील. पहिला आक्षेप: हा तांत्रिक विषय आहे, संगणक कक्षावर सोडा. पण संगणक कक्ष दाखला काढत नाही, लिपिक काढतो. दुसरा आक्षेप: जुनी यंत्रे इतका भार पेलत नाहीत. मान्य. चार जीबी मेमरीच्या यंत्रात दोन प्रणाली नांदणार नाहीत. परंतु प्रत्येक टेबलावर चाचणी करा असे कोण म्हणते? जिल्ह्यात अशी दोन-तीन धडधाकट यंत्रे पुरेत. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आभासी यंत्रात सगळे कळत नाही. खरेच आहे. प्रिंटर, स्कॅनर यांची अखेरची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावरच होते, आणि वेगाचा नेमका अंदाजही तेथेच येतो. म्हणून महिन्यानंतर एका खऱ्या यंत्रावर, मग एका शाखेत, मग सर्वत्र, असा क्रम ठेवावा. पण जी प्रणाली पहिल्याच पायरीवर अडखळते तिला दुसरी पायरी दाखवूच नये.

केंद्र शासनाच्या २०१५ च्या मुक्त सॉफ्टवेअर धोरणानुसार प्रस्ताव मागवताना मुक्त पर्यायाचा विचार करणे आवश्यक आहे, आणि तो वगळल्यास कारण द्यावे लागते. न चालवता हे कारण कोण प्रामाणिकपणे देऊ शकेल? सी-डॅकने डेबियनवर बेतलेली बॉस ही लिनक्स प्रणाली २००७ मध्येच दिली. ती वाईट म्हणून नाकारली असती तर तक्रार नव्हती; पण उघडूनही न पाहता नाकारणे हा निर्णय नव्हे, तो आळस आहे. उलट केरळातील शाळांकडे पाहावे. तेथे शिक्षकांना लागणारी साधने घालून लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तयार केली गेली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, आणि ती राज्यभरच्या शाळांत रुजली. वापरणाऱ्याला आधी विचारले, की हुकमाची गरज कमी पडते.

आणखी एक उपयोग सांगितला पाहिजे. एखादे जुने सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालतच नसेल, तर त्या एका सॉफ्टवेअरसाठी सारे कार्यालय जुन्या काळात ठेवू नये. जुनी प्रणालीच व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडावी, तिचे नेटवर्क तोडावे आणि बाकी काम नव्यावर न्यावे. विंडोज ७ सोबत २००९ मध्ये आलेला 'एक्सपी मोड' हेच करत होता. मात्र या कोठडीलाही मुदत हवी, नाहीतर तात्पुरती सोय कायमची वहिवाट होते.

तेव्हा मागणी साधी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम बदलाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक पानाचा चाचणी-अहवाल असावा. त्यावर विक्रेत्याची नव्हे, तर ज्याने महिनाभर त्या प्रणालीवर दाखले टंकित केले त्या लिपिकाची सही असावी. ते पान नसेल तर वित्त शाखेने प्रस्ताव परत पाठवावा. नस्तीत आपण शेकडो अनावश्यक कागद लावतो. हा एक आवश्यक कागद लावायला कोणाची हरकत असावी?