वर्गातला पंखा, एकलहऱ्याचा धूर

महाविद्यालयाच्या आवारात धुराडे नसते. उलट झाडी असते, पावसाळ्यात वृक्षारोपणही होते. त्यामुळे अशा आवारातूनही हरितगृह वायू बाहेर पडतात, हे चटकन पटत नाही. धुराडे दुसरीकडे असते, इतकेच. नाशिक रोडच्या पुढे एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन औष्णिक संच आहेत. तिथली वीज थेट अमुक एका वर्गात येते असे नाही. ती ग्रिडमध्ये मिसळते. पण ग्रिडमधून घेतलेल्या प्रत्येक युनिटमागे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या देशपातळीवरील हिशेबानुसार, सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. जनरेटरचे डिझेल आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला गॅस मात्र आवारातच जळतो.

आकडा किरकोळ वाटेल. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज आठ तास, वर्षाला २०० दिवस चालला तर १२० युनिट लागतात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला तेवढ्याच वेळात ४८. म्हणजे एका पंख्यामागे ७२ युनिट आणि सुमारे ५० किलो वायू वाचतो. ५०० पंख्यांच्या महाविद्यालयात वर्षाला २५ टन. आणि यात कुणालाही उकाडा सोसावा लागत नाही. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली पेपर लिहिणाऱ्या मुलांना पंखे बंद ठेवून पर्यावरण वाचवायला सांगणे हा अन्याय आहे.

नॅकच्या मूल्यांकनातील सातव्या निकषात ऊर्जेचे लेखापरीक्षण विचारले जाते. म्हणून अहवाल तयार होतो आणि बहुधा फायलीत जाऊन बसतो. खरी अडचण आहे मीटरची. अनेक संकुलांना उच्चदाबाची एकच जोडणी असते आणि महिन्याला एकच बिल येते. प्रयोगशाळेने किती वीज वापरली, वसतिगृहाने किती, प्रशासकीय इमारतीतल्या एसींनी किती, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक इमारतीला उपमीटर बसवला तरच ते कळेल. तोवर एक सोपी चाचणी करता येते. शनिवारी रात्री आठ वाजता मीटरची नोंद घ्यावी आणि रविवारी सकाळी आठला पुन्हा घ्यावी. वर्ग बंद असताना पडलेल्या युनिटमधून वसतिगृह, प्रयोगशाळेचे फ्रीज, सर्व्हर आणि सुरक्षेचे दिवे वजा केले, की उरते ती उधळपट्टी: चालू राहिलेले वॉटर कूलर, संगणक, कुणीतरी विसरलेला एसी. छतावर सौर पॅनेल बसले की त्याचा फोटो छापून येतो. पॅनेल बसवावेतच, पण ही गळती तशीच राहिली, तर त्यांचा बराचसा फायदा तिच्यातच जाईल.

नाशिकसाठी या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना नेहमीच्या अभ्यासक्रमांच्या तुलनेत जवळपास ९० टक्के कमी ऊर्जा लागते आणि कार्बन डायऑक्साइड ८५ टक्के कमी निघतो. मुख्य कारणे तीन: विद्यार्थ्यांचा प्रवास टळतो, त्यांच्या राहण्यासाठी लागणारी ऊर्जा वाचते आणि एकाच आवाराच्या आधारे पुष्कळ जण शिकतात. तिथे खोल्या तापवाव्या लागतात, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होणार नाहीत. पण इमारत किती मोठी यापेक्षा ती किती जणांच्या आणि किती तास कामी येते, हा प्रश्न इथेही तितकाच लागू आहे. दुपारी दोननंतर रिकामे पडणारे वर्ग आणि त्याच वेळी शेजारी उभी राहणारी नवी इमारत, हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नाशिकलाच, म्हसरूळला आहे. राज्यभरातील महाविद्यालयांशी नाते असलेल्या या दोन्ही विद्यापीठांनी इमारतनिहाय युनिट आणि दर विद्यार्थ्यामागचा वापर दरमहा आपल्या संकेतस्थळावर मांडावा आणि संलग्न संस्थांकडेही तोच मागावा. उपमीटर बसवायला उन्हाळी सुटी पुरते. जूनपासून नोंदी सुरू होऊ शकतात.